डिक्टी पेशी फॉलिक ॲसिडच्या मागे कशा धावतात ते स्वतः बघा: अगारोजखालचा प्रयोग कसा लावायचा

पेशी केमिकलच्या दिशेने सरकते हे बीएस्सीला सगळेच लिहून येतात, केमोटॅक्सिसवर दोन-चार मार्कांची टीप असतेच, पण ती पेशी पुढे पाय काढून सरकताना प्रत्यक्ष बघितलेले विद्यार्थी फार कमी. खरं तर त्यासाठी महागडं काहीच लागत नाही. मायक्रोस्कोप, पेट्री डिश, अगारोज (वितळवून ओतलं की जेलीसारखं गोठणारी पूड), फॉलिक ॲसिड आणि डिक्टी, एवढं असलं की झालं. डिक्टी म्हणजे डिक्टिओस्टेलियम डिस्कॉइडियम, जंगलातल्या मातीत पालापाचोळ्याखाली बॅक्टेरिया खाऊन राहणारा अमिबा. केनेथ रॅपरला तो १९३३ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या जंगलात सापडला, आणि पेशी चालते कशी या प्रश्नावर पुढे जेवढं काम झालं त्यातलं खूपसं याच अमिबावर झालंय. आपल्याकडे बंगळुरूच्या आयआयएससीत विद्यानंद नंजुंडय्यांनी डिक्टीवर कित्येक वर्षं काम केलं, त्यांच्या ग्रुपने मुदुमलाईच्या जंगलातली माती आणि जनावरांची विष्ठा यांतूनही असे अमिबा वेगळे काढलेत, त्यामुळे हा परदेशातला जीव आहे, आपलं काय काम, असं समजायचं कारण नाही.

बरेच जण विचारतात की माणसाच्या पांढऱ्या पेशी का नाही वापरायच्या. वापरता येतात, अगारोजखालची ही पद्धत १९७५ मध्ये मुळात माणसाच्या पांढऱ्या पेशींसाठीच बसवली गेली होती. पण रक्त म्हटलं की एथिक्सची परवानगी, बायोसेफ्टी, आणि काढलेले न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) जेमतेम काही तास धड राहतात. डिक्टी माणसाला रोग करत नाही, स्वस्तात वाढतो, आणि पाय पुढे काढायची आतली यंत्रणा बरीचशी तीच आहे: ॲक्टिन (पेशीच्या आतले धागे बनवणारं प्रोटीन), आर्प२/३, वेव्ह नावाचं प्रोटीन कॉम्प्लेक्स, रॅस, पीआय३-कायनेज, सगळं.

सिग्नल कुठला घ्यायचा? डिक्टीला मुख्यतः दोन सिग्नल कळतात. खातापिता असताना तो फोलेटकडे, म्हणजे फॉलिक ॲसिडकडे, जातो, कारण बॅक्टेरिया फोलेट बाहेर सोडतात आणि फोलेट जिकडून येतंय तिकडे जेवण आहे. उपाशी ठेवला की काही तासांत त्याचं फोलेटवरचं लक्ष कमी होतं आणि तो सायक्लिक एएमपीकडे जायला लागतो, जे त्याचे उपाशी भाऊबंदच सोडत असतात (हे केमिकल नेमकं कुठलं ते १९६७ मध्ये कळलं). पहिल्यांदा करणाऱ्याने फोलेटच घ्यावं, कारण उपाशी ठेवायचं वेळापत्रक सांभाळावं लागत नाही आणि फॉलिक ॲसिड कुठल्याही केमिकलवाल्याकडे मिळतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, तापमान. डिक्टीला २१ ते २२ अंश सेल्सिअस लागतं. २५ च्या वर गेलं की वाढ बिघडायला लागते. म्हणजे आपल्याकडे एप्रिल-मे सोडा, ऑक्टोबरमध्ये सुद्धा बाहेर टेबलावर ठेवलेलं कल्चर हातचं गेलं म्हणून समजा. बीओडी इन्क्युबेटर (तापमान कायम ठेवणारं कपाट) २२ वर लावून ठेवा आणि मायक्रोस्कोप असलेल्या खोलीतला एसी आधी तासभर चालू करून ठेवा. मायक्रोस्कोपचा दिवासुद्धा डिश तापवतो, विशेषतः जुना हॅलोजनवाला, तेव्हा बघून झालं की बंद करायचा. पेशी गोल होऊन नुसत्या बसल्या असतील तर बाकी कशाचाही संशय घेण्याआधी थर्मामीटर बघा.

कल्चर मिळवायचं तर देशातल्याच एखाद्या डिक्टीवर काम करणाऱ्या लॅबला गाइडच्या पत्राने विनंती करणं सगळ्यात सोपं. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीत डिक्टी स्टॉक सेंटर आहे, तिथून स्पोअर मिळतात, पण बाहेरून जिवंत कल्चर आणायचं तर कागदपत्रं लागतात, त्याची तयारी आधीपासून करा.

स्ट्रेन बहुतेक एएक्स२ किंवा एएक्स४ मिळेल. हे ॲक्झेनिक स्ट्रेन, म्हणजे बॅक्टेरिया न घालता एचएल५ नावाच्या लिक्विड मीडियममध्ये वाढतात. सोय भरपूर आहे पण त्यात एक मेख आहे. ॲक्झेनिक डिक्टी मीडियम पितो, पृष्ठभागावर मोठमोठे वाटीसारखे भाग तयार करून घोटच्या घोट आत घेतो, त्याला मॅक्रोपिनोसायटोसिस म्हणतात, आणि तो वाटी करायला पीआयपी३ (मेंब्रेनमधलं एक लिपिड) आणि ॲक्टिनचं जे सामान वापरतो तेच सामान पुढे पाय काढायलाही हवं असतं. त्यामुळे पिण्यात गुंतलेली पेशी दिशा पकडून चालायला कमी पडते. २०१४ मध्ये हे नीट दाखवलं गेलं. माझं मत विचाराल तर प्रयोगासाठी पेशी बॅक्टेरियावरच वाढवा. खाऊ म्हणून क्लेब्सिएला हा बॅक्टेरिया पुस्तकात दिलेला असतो पण कॉलेजच्या लॅबमध्ये ई. कोलाय बी/आर जास्त बरा. एसएम (बॅक्टेरिया वाढवायचं एक मीडियम) अगारच्या प्लेटवर बॅक्टेरियाचं दाट कल्चर २००-३०० मायक्रोलीटर आणि त्यात थोडे अमिबा मिसळून पसरायचं, दीड-दोन दिवसांनी प्लेट जिथे साफ व्हायला लागते तिथल्या पेशी खाण्यात रंगलेल्या असतात, त्याच पाहिजेत. पूर्ण साफ झालेल्या प्लेटवरच्या घेऊ नका, त्या उपाशी राहून आधीच सायक्लिक एएमपीच्या मार्गाला लागलेल्या असतात.

बॅक्टेरिया धुऊन काढायला केके२ बफर लागतो: लिटरला २.२ ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि ०.७ ग्रॅम डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट, पीएच ६.१ च्या आसपास. पेशी यात खरवडून घ्यायच्या आणि सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट जोराने) दोन-तीन मिनिटं फिरवायच्या. लक्षात घ्या, ३०० जी, ३०० आरपीएम नाही, तुमच्या रोटरच्या त्रिज्येवरून आरपीएम काढून घ्या. अमिबा जड असल्यामुळे खाली बसतात, बॅक्टेरिया वर तरंगत राहतात, वरचं गढूळ पाणी काढून टाकायचं, परत बफर, परत फिरवायचं, साधारण तीनदा. वरचं पाणी स्वच्छ दिसलं की बास. हे धुणं मनापासून करा, कारण बॅक्टेरिया मागे राहिले तर ते स्वतः फोलेट सोडत राहतात आणि मग पेशी कुणाच्या मागे चालल्यात तेच कळत नाही.

फॉलिक ॲसिड पाण्यात विरघळत नाही, पिवळी पूड तळाशी बसून राहते आणि नवखी मुलं तेच हलवून हलवून वापरतात. तसं करू नका. ४४ मिलिग्रॅम घ्या, थोड्या पाण्यात घालून सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकत जा, एका टप्प्यावर ते पटकन विरघळून पारदर्शक पिवळं होतं, मग १० मिलिलीटरपर्यंत पाणी. हा झाला १० मिलीमोलर स्टॉक. प्रकाशात खराब होतो म्हणून ट्यूब फॉइलमध्ये गुंडाळायची. प्रयोगाच्या दिवशी केके२ मध्ये शंभरपट पातळ केला की ०.१ मिलीमोलर, आणि त्याचा पीएच पट्टीने बघून घ्या, अल्कली जास्त पडली असेल तर पेशी फोलेटकडे यायच्या सोडून अल्कलीपासून पळतील.

प्लेट लावायची पद्धत

०.५ टक्के अगारोज, म्हणजे ५० मिलिलीटरला पाव ग्रॅम, एसएमच्या लिक्विड मीडियममध्ये मायक्रोवेव्हला वितळवून घ्या. एसएममधल्या यीस्ट एक्स्ट्रॅक्टमध्ये थोडं फोलेट असतंच, पण आपण घालणार त्यापुढे ते किरकोळ आहे, आणि नुसत्या बफरमध्ये केलं तर पेशी उपाशी पडायला लागतात म्हणून मीडियमच घेतो. ६० मिमीच्या प्लास्टिक पेट्री डिशमध्ये ५ मिलिलीटर ओतलं की दोन-सव्वादोन मिमीचा थर बसतो. सपाट टेबलावरच ओता, आणि तासभर हलवू नका.

मग चर कापायचे. ग्राफ पेपरवर तीन समांतर पट्ट्या आखा, प्रत्येकी २ मिमी रुंद, ३९-४० मिमी लांब, दोघींमध्ये ५ मिमी जागा. तो कागद डिशखाली धरून वरून नव्या ब्लेडने रेघा मारा, ब्लेड उभं खाली दाबायचं, ओढत न्यायचं नाही, ओढलं की अगारोज तळापासून सुटतं. कापलेली पट्टी बारीक स्पॅट्युलाने एका टोकाकडून अलगद उचलून काढा.

बहुतेक प्रयोग इथेच फसतात. अगारोज प्लास्टिकपासून केसभर जरी सुटलं तरी लिक्विड त्या फटीतून खाली पसरतं, फोलेट पाच मिनिटांत सगळीकडे पोचतं आणि ग्रेडियंट, म्हणजे एका बाजूला जास्त आणि दुसरीकडे कमी कमी होत जाणारं प्रमाण, ही गोष्टच शिल्लक राहत नाही. वरून बघून हे कळत नाही. त्यावर उपाय असा की प्रत्येक बॅचमधली एक डिश बळी द्यायची, तिच्या मधल्या चरात ब्रोमोफिनॉल ब्लू किंवा साधा खायचा रंग घालायचा. रंग चराच्या कडेपासून सारखा, फिकट होत जाणारा पट्टा करत पसरला तर कापणी चांगली. कुठे एखादी जीभ झपकन बाहेर आलेली दिसली तर तिथे गळती आहे, हात सुधारेपर्यंत परत कापा. याच डिशकडे तासातासाने बघत राहिलं तर ग्रेडियंट कसा तयार होतो तेही डोळ्यांना दिसतं, मला तर वाटतं वर्गात शिकवतानाच ही रंगाची डिश दाखवायला हवी.

मधल्या चरात ०.१ मिलीमोलर फोलेट १०० मायक्रोलीटर. बाजूच्या दोन चरांत पेशी, प्रत्येकी १०० मायक्रोलीटर, मिलिलीटरला १० लाख अशा हिशोबाने. हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायची चौकोन आखलेली काच) एका मोठ्या चौकोनात साधारण १०० पेशी आल्या की मिलिलीटरला १० लाख होतात. डिश एखाद्या डब्यात ओला टिश्यू पेपर घालून त्यात ठेवा, नाहीतर अगारोज वाळून आकसतं. आणि २२ अंशांना परत बीओडीत.

आता थांबायचं. किती? इथे एक छोटा हिशोब सगळ्यांनी स्वतः करून बघावा. रेणूला डिफ्युजनने एखादं अंतर कापायला लागणारा वेळ म्हणजे अंतराचा वर्ग भागिले दोन गुणिले डिफ्युजन कोइफिशंट. फोलेटसारख्या लहान रेणूसाठी कोइफिशंट धरा सेकंदाला एक चौरस सेंटिमीटरचा साधारण पाच-दशलक्षांश भाग. २ मिमीला तासाभरापेक्षा थोडं जास्त येतं आणि ५ मिमीला सात तास. अंतर दुप्पट केलं की वेळ चौपट. म्हणून चर लांब लांब कापून चालत नाही, आणि म्हणूनच पहिल्या तासात काही हललं नाही म्हणून डिश फेकून देणंही चूक. साधारण तीन-चार तासांत पेशी फोलेटच्या बाजूने अगारोजच्या काठाखाली शिरायला लागतात, सहा तासांपर्यंत चांगली आघाडी तयार झालेली दिसते.

मायक्रोस्कोप इन्व्हर्टेड असेल तर उत्तम, फेज कॉन्ट्रास्टमध्ये बघा. नसेल तर साध्या मायक्रोस्कोपवरही जमतं, फक्त डिशऐवजी काचेच्या स्लाइडवर ३ मिलिलीटर अगारोज ओतून छोटे चर कापा, १० एक्सचं ऑब्जेक्टिव्ह दीड मिमी अगारोजच्या आरपार खाली फोकस होतं. कंडेन्सरखालचा डायफ्रॅम बराचसा बंद करा, तरच पेशीच्या कडा उठून दिसतात. मोबाइल आयपीसला लावून टाइमलॅप्स घेतला, ३० सेकंदांना एक फोटो, तरी पुरे.

काय बघायचं

आधी एकच पेशी पकडा आणि तिच्याकडेच दहा मिनिटं बघत राहा. हे वगळून थेट आकडे काढायला बसू नका. पेशी १० ते १५ मायक्रॉनची आणि मिनिटाला साधारण १० मायक्रॉन जाते, म्हणजे मिनिटाला जवळजवळ स्वतःच्या लांबीएवढी. पुढच्या कडेला एक स्वच्छ, कणविरहित फुगवटा बाहेर येतो, शाळेत अमिबाच्या आकृतीत छद्मपाद म्हणून काढलेला असतो तोच, लॅबमध्ये सगळे स्यूडोपोडच म्हणतात. तो काचेसारखा दिसतो कारण आत ॲक्टिनच्या धाग्यांची इतकी दाट जाळी विणली जात असते की आतले दाणे-पिशव्या तिथे शिरूच शकत नाहीत. आर्प२/३ हे कॉम्प्लेक्स जुन्या धाग्यावर साधारण ७० अंशांच्या कोनात नवा फाटा लावतं, त्या फाट्यांची टोकं वाढतात आणि मेंब्रेनला बाहेर ढकलतात. मागच्या बाजूला मायोसिन-२ आकुंचन करून शेपूट पुढे ओढून घेतं. मागचा भाग चिकटलेला राहतो, ताणला जातो आणि एकदम सुटतो, हे टाइमलॅप्समध्ये फार छान दिसतं.

मग एक गोष्ट लक्षात येईल जी पुस्तकातल्या बाणांच्या आकृतीत दिसत नाही. पेशी दर वेळी विचार करून नवा पाय योग्य दिशेला काढते असं होत नाही. बऱ्याचदा आहे तो स्यूडोपोड दोन फाट्यांत फुटतो, एक थोडा डावीकडे एक थोडा उजवीकडे, थोडा वेळ दोन्ही वाढतात आणि मग जो फोलेटच्या बाजूला जास्त आहे तो टिकतो, दुसरा मागे घेतला जातो. २००७ मध्ये अँड्र्यू आणि इन्साल यांनी उथळ ग्रेडियंटमध्ये हेच दाखवलं, पाय येतच राहतात आणि सिग्नल त्यातला कुठला ठेवायचा ते ठरवतो. तुमच्या मोबाइलच्या व्हिडिओतही हे फाटे मोजता येतील, कुठला टिकला कुठला गेला ते कागदावर खुणा करत बसा, एका पेशीचे वीस-पंचवीस फाटे मिळाले तरी कल दिसायला लागतो.

पेशीला कळतं कसं? रिसेप्टर, म्हणजे फोलेट पकडणारी प्रोटीन, सगळ्या पृष्ठभागावर सारखेच पसरलेले असतात, पुढे गोळा होत नाहीत. पुढच्या टोकाला थोडे जास्त रिसेप्टर भरलेले आणि मागे थोडे कमी, एवढ्याच फरकावर पेशी काम करते, बॅक्टेरियासारखं पोहून मागचं-आत्ताचं ताडून बघावं लागत नाही. आतमध्ये हा बारीक फरक मोठा केला जातो: पुढच्या बाजूला रॅस हे स्विचसारखं प्रोटीन चालू होतं, पीआय३-कायनेज पीआयपी३ तयार करतं, पीटेन हे एन्झाइम मागे आणि बाजूंना राहून ते पुसत राहतं. पुढे-मागे एक-दोन टक्के फरक असला तरी डिक्टीला पुरतो. आता आपल्या डिशचा हिशोब करा. ५ मिमीवर १०० मायक्रोमोलर ते शून्य असा सरळ उतार धरला तर १२ मायक्रॉनच्या पेशीच्या दोन टोकांत ०.२४ मायक्रोमोलरचा फरक येतो. जिथे फोलेट १० मायक्रोमोलर आहे तिथे हा फरक २.४ टक्के झाला, पण अगदी मध्यावर, ५० मायक्रोमोलरला, अर्धा टक्काच. म्हणजे पेशी जसजशी उगमाकडे जाईल तसतसं तिला कमी कळायला हवं, वर रिसेप्टरही भरून जायला हवेत. तरीही पेशी खुशाल पुढे जाताना दिसतात. हे असं का?

त्याचं उत्तर मला या विषयातलं सगळ्यात सुंदर वाटतं. डिक्टी फोलेट नुसतं ओळखत नाही, संपवतोही. फोलेट डीअमिनेज हे एन्झाइम वापरून आजूबाजूचं फोलेट निकामी करत तो पुढे जातो, त्यामुळे पेशींच्या घोळक्याच्या मागे फोलेट जवळपास संपलेलं आणि पुढे भरपूर, असा तीव्र उतार त्यांच्या पायाशीच कायम तयार होत राहतो. लूक ट्वीडी, रॉबर्ट इन्साल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हे फोलेटवर दाखवलं, आणि २०२० मध्ये याच तत्त्वावर पेशी छोट्याशा चक्रव्यूहातून वाट काढतात हेही दाखवलं, त्यात लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्टच्या प्रसिद्ध मेझची सूक्ष्म नक्कलसुद्धा होती. समोर बंद गल्ली असेल तर तिथलं थोडंसं केमिकल आघाडीच्या पेशी लवकर संपवतात आणि मागून येणाऱ्यांना तिकडे जायचं कारणच उरत नाही.

हे आपल्या साध्या डिशमध्ये तपासता येतं आणि प्रोजेक्ट करत असाल तर नक्की करा. अगारोजमध्येच सगळीकडे सारखं १० मायक्रोमोलर फोलेट मिसळा (अगारोज थोडं गार झाल्यावर), मधे कुठलाही उगम नाही, एकच चर कापा आणि त्यात पेशी घाला. ग्रेडियंट नाही, तरी काही तासांत पेशींची एक रांग दोन्ही बाजूंना बाहेर सरकताना दिसेल, पुढे दाट, मागे विरळ. मग तसाच दुसरा चर करून त्यात दहापट कमी पेशी घाला. थोड्या पेशींना फोलेट पुरेसं संपवता येत नाही, उतार बनत नाही, रांग धड तयार होत नाही. बाहेरून दिलेल्या ग्रेडियंटमध्ये पेशींची संख्या कमी केल्याने दिशा फारशी बिघडत नाही, इथे मात्र बिघडते, फरक ओळखायची ही सोपी परीक्षा.

यामुळे कंट्रोलचा प्रश्नही नाजूक होतो. पुस्तकात सांगतात की सगळीकडे सारखं केमिकल घालून एक प्लेट लावा, म्हणजे नुसता वेग वाढतोय का दिशा मिळतेय ते कळेल. कल्पना बरोबर आहे, पण जे केमिकल पेशी संपवू शकते त्याच्यासाठी ती प्लेट 'ग्रेडियंट नसलेली' राहतच नाही. सायक्लिक एएमपीच्या बाबतीत एसपी-सीएएमपीएस नावाचा न मोडणारा भाऊ विकत मिळतो, तो वापरून हा प्रश्न सुटतो. फोलेटच्या प्रयोगात मात्र कमी पेशींचा चर आणि अजिबात फोलेट नसलेला चर या दोन्ही प्लेट सोबत लागल्याच पाहिजेत. बिनफोलेटची प्लेट तर कधीच सोडू नका. चरातून बाहेर आलेली पेशी बाहेरच्या बाजूला गेलेली असणारच, आत असती तर तुम्ही मोजलीच नसती, त्यामुळे नुसती अगारोजखालच्या पेशींची दिशा मोजली तर भरकटणाऱ्या पेशीही दिशा असल्यासारख्या वाटतात. किती वाटतात ते बिनफोलेटची प्लेटच सांगते.

मोजायला फिजी हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यात मॅन्युअल ट्रॅकिंग प्लगइन आहे, फ्रेमनंतर फ्रेम पेशीच्या मध्यावर क्लिक करत जायचं. आधी स्टेज मायक्रोमीटरचा फोटो काढून एका पिक्सेलला किती मायक्रॉन ते ठरवून घ्या, मोबाइलचा झूम मधेच बदलला तर ते परत करावं लागेल. प्रत्येक पेशीसाठी फोलेटच्या दिशेने किती गेली भागिले एकूण किती चालली, हा केमोटॅक्सिस इंडेक्स: १ म्हणजे नाकासमोर सरळ, ० म्हणजे दिशा नाही. वेग वेगळा लिहा, दोन्ही एकत्र करू नका, कारण वेग वाढला आणि इंडेक्स शून्याजवळच राहिला तर ती दिशा नाही, नुसती धावपळ आहे. फ्रेममधलं अंतर सगळ्या प्लेटना सारखं ठेवा, ३० सेकंदांच्या आणि २ मिनिटांच्या फ्रेममधून एकाच पेशीची वाट वेगवेगळ्या लांबीची येते. आणि पेशी निवडताना डोळे मिटून निवडा, म्हणजे पहिल्या फ्रेममधल्या सगळ्या किंवा ठरलेल्या चौकोनातल्या सगळ्या, छान चालणाऱ्या तेवढ्याच नाहीत.

एवढं जमलं की एक बदल करून बघण्यासारखा आहे. अगारोज ०.५ ऐवजी २ टक्के घ्या. आता वरचा थर कडक, पेशीला तो उचलून खाली शिरायचंय. अशा वेळी डिक्टी ॲक्टिनने हळूहळू ढकलण्यापेक्षा ब्लेब वापरायला लागतो: आतल्या दाबाने मेंब्रेन एका जागी ॲक्टिनच्या अस्तरापासून सुटतं आणि सेकंदाभरात गोल फुगा बाहेर येतो. जुन्या अस्तराची कमान थोडा वेळ मागे तशीच दिसते, पण ती बघायला फ्लुरोसन्सवाली स्ट्रेन लागते, साध्या मायक्रोस्कोपवर गोल, गुळगुळीत, झपकन येणारे फुगे तेवढे दिसतील. १० एक्सवर हे अवघड आहे, ४० एक्स आणि सेकंदाला एक फ्रेम लागेल. दिशा मात्र तीच राहते, ब्लेबही सिग्नलच्या बाजूलाच जास्त येतात.

ही कथा अमिबापुरती नाही हेही सांगायला हवं. मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या पेशी रक्तातल्या सीरममध्ये असणारं एलपीए नावाचं लिपिड असंच मोडून टाकतात आणि स्वतः केलेल्या उतारावरून गाठीच्या बाहेर पडतात, हे २०१४ मध्ये दाखवलं गेलंय. म्हणजे डिशमधल्या त्या रांगेकडे बघताना तुम्ही ज्या गोष्टीकडे बघताय तिच्यावर हॉस्पिटलशी जोडलेल्या लॅबही काम करतायत.

उरलेल्या धुतलेल्या पेशी फेकू नका. साध्या केके२ अगारच्या प्लेटवर दाट थर पसरा आणि २२ अंशांना ठेवून द्या. पाच-सहा तासांनी त्या उपाशी होऊन साधारण दर ६ मिनिटांनी सायक्लिक एएमपीची लाट सोडायला लागतात, पेशी लांबट होतात, एकमेकींच्या शेपटीला डोकं लावून ओळीने वाहायला लागतात आणि एका एका ढिगात लाखभर पेशी गोळा होतात. यासाठी मायक्रोस्कोपची सगळ्यात कमी पॉवर पुरते. दुसऱ्या दिवशी त्याच प्लेटवर देठ आणि वर स्पोअरचा गोळा असे एक-दोन मिमी उंचीचे फ्रूटिंग बॉडी उभे असतात. प्लेट उलटी करून टेबलावर हलकी आपटली की स्पोअर झाकणात पडतात, ते गोळा करून सिलिका जेलवर वाळवून फ्रिजमध्ये ठेवा, वर्षानुवर्षं टिकतात, पुढच्या बॅचला कल्चर परत मागवायला लागत नाही. बॅक्टेरियावाल्या बाकी सगळ्या प्लेट मात्र ऑटोक्लेव्ह करूनच टाकायच्या.